जठर जेव्हा ‘गो-स्लो’ करते



दोन घास खाल्ले की पोट भरते. जेवून चार तास झाले तरी पोटात दगड ठेवल्यासारखे जड वाटते. दुपारची डाळ-भाकरी रात्री उलटीतून बाहेर पडते तेव्हा तिचे तुकडे ओळखू येतात. घरात कोणी अशी तक्रार केली की आपल्याकडे उत्तरे तयार असतात. पित्त झाले असेल, खायचा सोडा घे. गॅस धरला असेल, ओवा चाव. तक्रार करणारी नवी सून असेल तर शेजारणी एकमेकींकडे बघून हसतात. वयात आलेली मुलगी असेल तर ‘जेवायची नाटके नकोत’ असा दम मिळतो. आणि दोन महिन्यांत अंग वाळले, गळ्याची हाडे दिसू लागली, की कोणीतरी हळूच सुचवते, ‘हिला बाहेरचे लागले आहे, अमक्या गावच्या बाबाला दाखवा.’

बाबाच्या हातावर पैसे ठेवण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. या दुखण्याला वैद्यकात नाव आहे. त्याला गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात, म्हणजे जठर मंद पडणे. वाटेत गाठ नाही, व्रण नाही, अडथळा कसलाच नाही, तरी जठर अन्न पुढे ढकलत नाही. गिरणी-कारखान्यात घाम गाळलेल्यांना हे चटकन कळेल. संप म्हणजे यंत्रेच बंद. ‘गो-स्लो’ म्हणजे कामगार हजर, यंत्रे चालू, पण माल काही बाहेर निघत नाही. जठराचे हे ‘गो-स्लो’ आहे. फरक इतकाच की इथे मागण्या काय आहेत, हे पुष्कळदा कळतच नाही.

या आजारासाठी विजेवर चालणारे एक यंत्र आहे. पोटाच्या कातडीखाली ते बसवतात आणि त्याच्या दोन तारा जठरात टोचून ठेवतात. बोलीभाषेत त्याला ‘पोटाचा पेसमेकर’ म्हणतात. हे नाव कानावर पडले की उलट्यांनी हैराण झालेल्या माणसाच्या घरच्यांना वाटते, कर्ज काढू, दागिना मोडू, पण हे एकदाचे बसवून घेऊ. त्यांची तळमळ समजण्यासारखी आहे. पण सही करण्याआधी हे यंत्र काय करते आणि काय करत नाही, ते नीट माहीत हवे. कारण त्याचे नाव सांगते एक आणि ते करते दुसरेच.

आधी जठराचे काम पाहू. आपण गिळलेला घास अन्ननलिकेतून जठरात येतो. जठराचा वरचा भाग म्हणजे कोठार. अन्न आले की तो सैल होतो आणि जागा करून देतो. खालचा भाग म्हणजे पाटा-वरवंटा. तो अन्न वाटतो, आम्लात कालवतो आणि एक-दोन मिलिमीटरइतके बारीक झाले की खालच्या दारातून थोडे थोडे लहान आतड्यात सोडतो. जाड तुकडा दाराशी आला तर दार मिटते आणि तो पुन्हा वाटायला मागे जातो. कितीही घाई असली तरी ही चाळणी चुकत नाही. म्हणून पाणी, ताक, पेज लवकर पुढे सरकते आणि न चावता गिळलेले मटण तासन्‌तास पडून राहते.

हे वाटण एका ठेक्यावर चालते. मिनिटाला तीन. जठराच्या भिंतीत काही खास पेशी असतात, त्या विजेची अगदी सूक्ष्म लाट उठवतात. ती लाट वरून खाली सरकते आणि तिच्या मागोमाग स्नायू आवळतो. स्पेनचे शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांच्या नावावरून या पेशींना काहालच्या पेशी म्हणतात. काहाल यांना १९०६ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. पुढे १९२१ मध्ये अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे वॉल्टर अल्वारेझ या डॉक्टरांनी एका कृश वृद्ध स्त्रीच्या पोटावर, कातडीच्या बाहेरूनच, ही विजेची लाट टिपली. हृदयाचा जसा कार्डिओग्राम निघतो, तसा हा जठराचा आलेख. मिनिटाला तीन लाटा त्यात स्पष्ट दिसल्या. म्हणजे जठराचे काम विजेवर चालते, हे काही आजचे नवे ज्ञान नाही.

अन्न जठरात किती वेळ राहते, हे मात्र त्याच्याही शंभर वर्षे आधी माणसाने प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले होते, आणि तेही एका मजुराच्या पोटात डोकावून. ही हकिकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. अलेक्सी सेंट मार्टिन हा कॅनडाचा तरुण एका कातड्यांच्या व्यापारी कंपनीत मोलमजुरी करी. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतील मॅकिनॉ बेटावर कंपनीच्या दुकानात कोणाची तरी बंदूक चुकून उडाली आणि छर्रे त्याच्या कुशीत घुसले. लष्करातील डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी उपचार केले आणि तो वाचला. पण जखम बुजली तरी पोटाला भोक कायम राहिले, ते थेट जठरात उघडणारे. डॉक्टरांनी त्याला घरगडी म्हणून ठेवून घेतले, पुढे तर लेखी करारच केला. तो लाकडे फोडी, घरची कामे करी, आणि डॉक्टर रेशमी धाग्याला अन्नाचा तुकडा बांधून त्या भोकातून आत सोडीत, थोड्या थोड्या वेळाने बाहेर काढून बघत. असे दोनशेहून अधिक प्रयोग झाले. १८३३ साली त्यांचे पुस्तक निघाले. त्यातील तक्त्यात शिजवलेल्या भाताला एक तास लिहिला आहे आणि भाजलेल्या डुकराच्या मांसाला सव्वापाच तास.

बोमाँट यांचे नाव वैद्यकाच्या इतिहासात मोठे झाले. जठर मात्र त्या गड्याचे होते. या प्रयोगांना कंटाळून तो मध्येच आपल्या घरी कॅनडाला निघूनही गेला होता. १८८० मध्ये तो वारला तेव्हा घरच्यांनी मुद्दाम त्याचा देह उशिरा आणि खूप खोल पुरला, पुन्हा कोणी डॉक्टराने तो उकरून नेऊ नये म्हणून. गरिबाच्या शरीरावर विज्ञान पुढे जाते तेव्हा त्या गरिबाला कोणी विचारले होते काय, हा प्रश्न तेव्हाचा आहे आणि आजचाही आहे. असो. आपण मूळ विषयाकडे येऊ.

मग हा ठेका बिघडतो कशाने? ठाऊक असलेल्या कारणांत सर्वांत मोठे कारण मधुमेह. वर्षानुवर्षे साखर वाढलेली राहिली की जसे पायांचे मज्जातंतू बधिर होतात, तसा मेंदूपासून जठराकडे येणारा व्हेगस नावाचा मज्जातंतूही दुखावतो आणि काहालच्या पेशीही कमी होतात. पोटाच्या शस्त्रक्रियेत व्हेगसला धक्का लागला तरी असे होते. कधी एखाद्या विषाणूच्या तापानंतर जठर मंद पडते. पुष्कळ रोग्यांत, आणि त्यात बायकांचे प्रमाण जास्त, कारण सापडतच नाही. काही औषधांनीही जठराचा वेग कमी होतो. अफूपासून बनणारी तीव्र वेदनाशामके त्यात येतात. मधुमेहासाठी आणि वजन उतरवण्यासाठी दिली जाणारी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनेही जठर मंद करतात. ती चालू असतील तर आधी डॉक्टरांना तेच सांगायचे.

घाबरून जाऊ नका. साखर आहे म्हणजे जठर मंद पडणारच, असे मुळीच नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील एका परगण्यात दहा वर्षांचा हिशेब काढला. लहानपणापासून इन्शुलिनवर असणाऱ्या मधुमेह्यांत शंभरातील सुमारे पाच जणांना हा आजार झाला, तर मोठेपणी होणाऱ्या नेहमीच्या मधुमेहात शंभरातील एकाला. टक्का लहान आहे. पण २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीत आपल्या देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे आढळले. तेव्हा आपल्या वस्तीत असा रोगी नसेलच, असे धरून चालू नका.

मधुमेह्याच्या बाबतीत एक धोका फार कमी लोकांना माहीत असतो. रोगी नेमाने जेवणाआधी इन्शुलिन टोचून घेतो. इन्शुलिन वेळेवर कामाला लागते, पण अन्न जठरातच अडकून बसलेले. रक्तात साखर यायची कुठून? मग जेवूनसुद्धा दरदरून घाम येतो, हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. चार-पाच तासांनी अन्न एकदाचे खाली उतरते आणि साखर भडकते. रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर रागावतात, ‘पथ्य पाळत नाही.’ घरचे म्हणतात, ‘चोरून खातो.’ तो बिचारा खरेच पाळत असतो. जेवल्यावर साखर उतरते आणि मग अवेळी चढते, असे वरचेवर घडत असेल तर ते वेळेसकट वहीत लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. दहा वाक्यांनी जे पटत नाही ते त्या एका पानाने पटते.

तपासणीचे म्हणाल तर पहिली पायरी म्हणजे तोंडातून दुर्बीण टाकून बघणे. कुठे गाठ, व्रण, अरुंद झालेली जागा नाही ना, याची खात्री आधी व्हायला हवी. त्यानंतरची खरी तपासणी म्हणजे किरणोत्सारी पदार्थाचा अगदी अल्प अंश मिसळलेले जेवण. अंड्याचा पांढरा बलक, पावाचे दोन तुकडे, थोडा जॅम आणि पाणी. ते खायला घालून एका खास कॅमेऱ्याने चार तासपर्यंत पोटाची चित्रे घेतात. चार तासांनी दहा टक्क्यांहून जास्त अन्न जठरात उरले असेल तर जठर मंद आहे. ज्या रुग्णालयात न्यूक्लिअर मेडिसिन विभाग असतो तिथेच हे होते. दोन तासांतच ‘झाले’ म्हणून उठवत असतील तर चार तासांचे चित्र घेणार का, असे विचारायला संकोच करू नका, कारण काही जणांचा दोष शेवटच्या तासांतच उघडा पडतो. त्या दिवशी साखर फार वाढलेली असेल तर तपासणी पुढे ढकलतात, कारण वाढलेली साखर स्वतःच जठर मंद करते. ही तपासणी न करता नुसत्या तक्रारीवरून आजाराचा शिक्का मारून घेऊ नका.

आता औषधे. मेटोक्लोप्रामाइड ही जुनी गोळी जठराला वेग देते आणि मळमळ कमी करते. पण ती दीर्घकाळ घेतल्याने तोंड, जीभ, हातपाय आपोआप वळवळू लागतात आणि काही जणांत हा दोष गोळी थांबवल्यावरही जात नाही. म्हणून २००९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिच्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. तीन महिन्यांवर ती देऊ नये, असा त्याचा रोख आहे. डॉम्पेरिडोनने हे कमी होते, पण हृदयाचे ठोके बिघडू शकतात. सिसाप्राइड नावाचे औषध तर याच कारणाने अमेरिकेत २००० साली बाजारातून गेले आणि आपल्याकडे २०११ साली त्यावर बंदी आली. लेवोसल्पिराइडने, विशेषतः म्हाताऱ्या माणसांत, हात कापणे आणि अंग ताठरणे असा त्रास होऊ शकतो. हे एवढ्यासाठी सांगितले की डॉम्पेरिडोन आणि लेवोसल्पिराइड आपल्याकडे पित्ताच्या कॅप्सूलमध्ये मिसळून मिळतात आणि केमिस्टकडून जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षे आणली जातात. घरातल्या आजीचे हात अलीकडे का कापतात, याचे उत्तर कधी कधी त्या पाकिटाच्या मागच्या बाजूला छापलेले असते. पाकीट डॉक्टरांना दाखवा. मनाने बंद करू नका आणि मनाने चालूही ठेवू नका.

इतके करूनही उलट्या थांबत नाहीत, वजन उतरत राहते, असे थोडे रोगी उरतात. विजेचे यंत्र त्यांच्यासाठी आहे.

हृदयाला पेसमेकर बसतो, तर जठराला का नाही, हा विचार डॉक्टरांना फार पूर्वीच सुचला. १९६३ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथे बिल्गुताय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेनंतर निपचित पडलेल्या पोटाला वीज देऊन पाहिली. यश टिकले नाही. अडचण साधी होती. जठराचा स्नायू हृदयासारखा चटकन उसळत नाही. त्याला खरेच आवळायला लावायचे तर विजेचा धक्का लांब द्यावा लागतो, आणि लांब धक्क्याला शक्ती फार लागते. १९९८ साली मॅकॅलम या डॉक्टरांनी नऊ रोग्यांवर असे लांब धक्के, जठराच्या मूळ ठेक्याशी जुळवून दिले. अन्न खरोखर लवकर उतरले. पण त्यासाठी लागणारे यंत्र शरीराबाहेर ठेवावे लागले. पोटात मावेल अशा बॅटरीला तो भार झेपणारा नव्हता.

तेव्हा दुसरी वाट काढली गेली. थॉमस ॲबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अगदी आखूड, क्षीण, पण झपाट्याने येणाऱ्या लहरी वापरल्या. त्यातून एंटेरा हे यंत्र आले. हृदयाचे पेसमेकर बनवणाऱ्या मेडट्रॉनिक कंपनीने ते बाजारात आणले. जठराच्या खालच्या दारापासून साधारण दहा सेंटिमीटर वर, त्याच्या स्नायूत दोन तारा एक सेंटिमीटरच्या अंतराने टोचतात. तारांचे दुसरे टोक कातडीखालच्या डबीला. दर पाच सेकंदांनी डबी एक झुळूक सोडते, म्हणजे मिनिटाला बारा वेळा. जठराचा स्वतःचा ठेका मिनिटाला तीन, हे वर सांगितलेच आहे. म्हणजे ही लहर जठराच्या ठेक्याशी जुळतही नाही आणि स्नायू आवळण्याइतकी मोठीही नाही. हृदयाचा पेसमेकर हृदयाला चालवतो. हे यंत्र जठराला चालवत नाही!

मग करते काय? तज्ज्ञांचा कयास असा की ही लहर व्हेगस मज्जातंतूमार्गे वर मेंदूकडे जाते आणि तिथे मळमळ-उलटीची जी घंटा सारखी वाजत असते तिचा आवाज कमी करते. जठर जितके मंद होते जवळजवळ तितकेच राहते, पण रोग्याला उलट्या कमी होतात. ‘पोटाचा पेसमेकर’ हे नाव म्हणूनच फसवे आहे.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ३१ मार्च २००० रोजी त्याला परवानगी दिली, पण ती नेहमीची नव्हे. थोड्या रोग्यांना होणाऱ्या आजारांसाठी तिथे एक सवलतीची वाट आहे. त्या वाटेने येणाऱ्या यंत्राला गुण सिद्ध करून दाखवावा लागत नाही. ते पुरेसे सुरक्षित आहे आणि धोक्यापेक्षा फायदा बहुधा जास्त आहे, एवढे दाखवले की पुरते. आणि ‘गुण सिद्ध झालेला नाही’ हे वाक्य त्याच्यासोबत छापावे लागते. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. आपल्याकडे टीव्हीवर पोट उतरवणारे विजेचे पट्टे विकले जातात, त्यांच्यावर असे वाक्य छापायची सक्ती झाली तर किती खपतील? (त्या पट्ट्यांचा या यंत्राशी काही संबंध नाही, हेही सांगून ठेवतो.)

गुण येतो की नाही हे तपासण्याची एक फार चोख युक्ती या यंत्रात आपोआप मिळते. डबी कातडीखाली असते, तिचा आवाज नाही, मुंग्या नाहीत. डॉक्टरांनी बाहेरून ती बंद केली तर रोग्याला कळतही नाही. म्हणजे काही काळ चालू, काही काळ बंद ठेवायची आणि कोणत्या काळात उलट्या कमी झाल्या ते मोजायचे. रोग्यालाही ठाऊक नाही, मोजणाऱ्यालाही ठाऊक नाही. अंगारा असो, ताईत असो की लाखाचे यंत्र असो, या कसोटीला जे उतरते तेच खरे.

या कसोटीचे निकाल असे लागले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या परीक्षेत ३३ रोगी होते, एक महिना चालू, एक महिना बंद. चालू महिन्यात उलट्या कमी झाल्या आणि कोणता महिना बरा गेला असे विचारल्यावर चालू महिना सांगणारे जास्त निघाले. २०१० साली मधुमेहाच्या ५५ रोग्यांवरची परीक्षा आली. यंत्र बसवल्यावर दीड महिना सर्वांचे चालू ठेवले तेव्हा उलट्या निम्म्याहून जास्त घटल्या. सगळे खूश. मग तीन तीन महिने चालू-बंद करून पाहिले, तर दोन्ही काळांत फरकच दिसेना! बंद यंत्र पोटात असतानाही रोग्यांना बरेच वाटत होते. काहींच्या मते आधीच्या दीड महिन्याचा परिणाम टिकून राहिला, काहींच्या मते मोठी शस्त्रक्रिया झाली या विश्वासानेच पुष्कळ आराम पडला. वाद मिटला नाही. २०२० साली फ्रान्समधून १७२ रोग्यांची मोठी परीक्षा आली, चार चार महिन्यांची. तिच्यात यंत्र चालू असताना उलट्या-मळमळ कमी झाली, हे पुन्हा दिसले. पण अन्न उतरण्याचा वेग वाढला नाही, आणि एकूण जगणे किती सुधारले याच्या गुणांतही फरक पडला नाही. गंमत म्हणजे ज्यांचे जठर मंद नव्हतेच, नुसत्या उलट्या होत्या, त्यांनाही तितकाच उपयोग झाला.

या सगळ्यातून मी जो अर्थ काढतो तो असा. ज्याला मुख्य त्रास उलटी-मळमळीचा आहे, ज्याचे जठर तपासणीत मंद ठरले आहे आणि औषधे करून झाली आहेत, त्यातही मधुमेहामुळे ज्याला हा आजार जडला आहे, त्याला यंत्राचा उपयोग होऊ शकतो. होईलच असे नाही. ज्याचा मुख्य त्रास पोटदुखी किंवा पोट फुगणे आहे, त्याने यावर फार आशा ठेवू नये. आणि ‘हे बसवले की पोट पूर्वीसारखे चालेल’ असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही.

धोकेही समजून घ्या. डबीच्या जागी पू होतो, तार सरकते, क्वचित तारेत आतडे अडकते. काही रोग्यांचे यंत्र याच कारणाने काढून टाकावे लागते. बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षे चालते, मग डबी बदलायला पुन्हा शस्त्रक्रिया. म्हणजे खर्च एकदाचा नव्हे. एमआरआय करण्याआधी सांगावे लागते. गुडघ्या-कमरेला शेक देणारे डायथर्मीचे विजेचे यंत्र तर अशा माणसाला चालतच नाही, तारा तापून आत भाजते. काही ठिकाणी कायमचे यंत्र बसवण्याआधी तोंडातून दुर्बिणीने तात्पुरती तार टाकून काही दिवस बघतात. तशी सोय असेल तर ती आधी मागा.

अलीकडे दुसरीही एक वाट निघाली आहे. दुर्बिणीतूनच जठराच्या खालच्या दाराचा स्नायू आतून कापून दार सैल करतात. पोटावर टाका नाही, शरीरात कायमचे काही ठेवायचे नाही. तिला जी-पोएम म्हणतात. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे २०१३ साली ती प्रथम माणसावर झाली. हैदराबादच्या एआयजी रुग्णालयात ती केली जाते. २०२२ साली प्राग येथील डॉक्टरांनी ४१ रोग्यांत हिचीही खोट्या शस्त्रक्रियेशी तुलना केली. खरी शस्त्रक्रिया झालेल्यांत ७१ टक्के सुधारले, खोटी झालेल्यांत २२ टक्के. आकडा चांगला आहे, पण रोगी थोडे होते हेही लक्षात ठेवा.

आता स्वयंपाकघराकडे वळू, कारण बहुतेक रोग्यांचे भले तिथेच होते. इथे मायभगिनींची खरी पंचाईत आहे. मधुमेह्याला आपण काय सांगतो? कोशिंबीर खा, सालासकट फळ खा, कडधान्य, पालेभाजी, भाकरी खा. आणि मंद जठराला नेमके हेच नको असते. चोथा जठरात साचतो आणि कधी कधी त्याचा घट्ट गोळा बनतो. तेव्हा दोन्ही सांभाळायचे तर पदार्थ तोच, पण रूप बदलायचे. भाजी साल काढून, शिजवून, रवीने घुसळून. मुगाची डाळ पातळ. भात मऊ, पण मोजून. दुधी, लाल भोपळा, ताक, अंड्याचा पांढरा बलक, काटे काढलेली मऊ मासळी. स्वीडनमध्ये इन्शुलिन घेणाऱ्या मंद जठराच्या रोग्यांना असे बारीक करून केलेले जेवण देऊन पाहिले, तर त्यांची मळमळ आणि उलट्या कमी झाल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्याला मिक्सर पुरतो, आणि मिक्सर नसेल तर पाटा आहेच. मटणाची तर्री, तळलेले, साईचे दूध टाळा, तेलातुपाने जठर आणखी सुस्तावते. तीन भरगच्च जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडे थोडे. पाळीवर जाणाऱ्या माणसाला हे कठीण, हे मी जाणतो. डबा एकच असला तरी तो दोनदा उघडता येतो. जेवल्यावर आडवे होऊ नका, जमल्यास गल्लीतून एक फेरी मारा. साखरेची गोळी किंवा इन्शुलिन कधी घ्यायचे, हे नव्या जेवणाप्रमाणे डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

आणि एक. अशा रोग्याची कोणतीही शस्त्रक्रिया ठरली, मग ती हर्नियाची असो की पित्ताशयाची, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा आजार आधी सांगा. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवले तरी याच्या जठरात अन्न असू शकते, आणि भुलेत उलटी होऊन ते फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. फॉर्म भरताना ‘शेवटचे कधी जेवलात’ एवढेच विचारतात. त्याच्या शेजारी ‘जठर मंद आहे’ असे तुम्ही स्वतः लिहायला सांगा.